उपासनेत नवी आहेस, तर एवढंच कर

अगं, चर्चमध्ये पहिल्याच रविवारी सगळं जमलं नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. आधी बायबलमधल्या योहानाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय वाच. शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातली, बाई येशूला विचारते, भजायचं या डोंगरावर की यरुशलेमेत? प्रभू येशू जागा सांगतच नाही. 'आत्म्याने व खरेपणाने' म्हणतो.

- कुणाशी अबोला असेल तर आधी सोड. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकातलं 5:24 (अध्याय 5, वचन 24) तेच सांगतं. दानाचं पाकीट हातात धरून मी एकदा जावेच्या दारात उभी राहिले होते, मग चर्चला गेले. ती उपासना अजून आठवते.
- रोज बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्याने वाच. 103 पासून धर.

डोळ्यांत पाणी आलं नाही म्हणजे उपासना झालीच नाही, असं नवखे धरून बसतात. तसं नसतं. गाता येत नसेल तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं नुसती ऐक. उपास वगैरे नंतर बघू.