कोळ्यावरची गांधीलमाशी बघायची असेल तर सुरुवातीला एवढंच कर

कोळ्यावर अंडं घालणारी गांधीलमाशी बघायचा छंद मस्त निवडलायस! पहिली गोष्ट, माशीच्या मागे धावू नकोस, कोळी बघत बस. आपल्या सोलापुरात पावसाळा संपता संपता कंबर तलावाच्या काठाला, हिप्परग्याकडं जाळी भरपूर दिसतात, सकाळी ऊन तापायच्या आधी जा.

माशी जाळ्यावर झेप घेते, काही जाती दबा धरून बसतात, मग कोळ्याला डंख मारून थोडा वेळ सुन्न करते आणि उदरावर, म्हणजे कोळ्याच्या मागच्या फुगीर भागावर, एकच अंडं चिकटवते, बहुतेक पुढच्या भागात, जिथं कोळ्याचा पाय पोचत नाही. नंतर कोळी उठतो आणि काही झालंच नाही असं जाळं विणत राहतो. म्हणून नवीन माणसाला अंडं घालताना दिसणं अवघडच, पण त्याच जागी अंड्यातून निघालेली पांढरट अळी दिसेल, ती शोध.

नेहमीच्या चुका:
- कुंभारीण माशी वेगळी. ती कोळ्याला उचलून मातीच्या घरट्यात नेते, ही जाळ्यातच सोडून जाते.
- लाल ठिपका म्हणजे अळी नव्हे, ते बहुतेक माइट, म्हणजे कोळ्याला चिकटणारे बारीक जीव असतात.
- अळी काढून कोळ्याला वाचवायला जाऊ नकोस, जाळ्याला हातही लावू नको.

एकच कोळी निवड आणि रोज फोटो काढ. शेवटी जाळ्याचा आकारच बदलला तर लक्ष ठेव, अळी कोष करायच्या तयारीत आहे. अळी कोळ्याकडून असं वेगळं जाळं विणून घेते, हे कोस्टारिकात विल्यम एबरहार्ड या कोळी-अभ्यासकांनी २००० साली दाखवलं, ते कसं घडतं ते नंतर बोलू, आधी पहिली अळी सापडू दे!