‘विस्तारक्षम’ की ‘विस्तार्य’?

प्रोग्रॅमिंगच्या ‘एक्स्टेन्सिबल’, म्हणजे वाढवता येणाऱ्या, भाषेला ‘विस्तारक्षम’ म्हणावं की ‘वर्धिष्णू’, असा प्रश्न आला आहे. मी ‘विस्तार्य’ म्हणेन.

वर्धिष्णू म्हणजे आपसूक वाढत जाणारं. शिवमुद्रेतली प्रतिपदेची कोर तशी वाढते, तिला कुणी वाढवत नाही. ‘क्षम’चंही तेच, कार्यक्षम माणूस स्वतः काम करतो. इथे वाढवणारा दुसराच आहे, ती भाषा वापरणारा प्रोग्रॅमर. गणितातला ‘विभाज्य’ आठवा: 12 ही संख्या 3 ने विभाज्य आहे, पण भागणारे आपण. विस्तार्य त्याच घडणीचा.

पण वाढवायचं म्हणजे काय? नवं फंक्शन जवळपास कुठल्याही भाषेत लिहिता येतं, तेवढ्यावर मी तिला विस्तार्य म्हणणार नाही. समजा भाषेत ‘जर’ आहे, ‘नसेल-तर’ नाही, आणि आपल्याला असं लिहायचंय:

(नसेल-तर (दार-बंद) (घंटा-वाजव))

‘नसेल-तर’ हे साधं फंक्शन केलं, तर बहुतेक भाषांत आतले दोन्ही कंस आधी चालतात आणि त्यांची उत्तरं फंक्शनच्या हाती येतात. म्हणजे दार बंद असो वा उघडं, घंटा वाजणारच! लिस्प या भाषेतला मॅक्रो मात्र हे कंस न चालवता आहे तसे उचलतो आणि त्यांच्यापासून ‘जर’चं वाक्य रचून देतो. ही सोय टिमोथी हार्ट यांनी 1963 सालीच मांडली होती.

फोर्थ या भाषेत फंक्शनला ‘वर्ड’ म्हणतात आणि त्यांच्या साठ्याला चक्क ‘डिक्शनरी’. ‘: वर्ग डुप * ;’ एवढं लिहिलं (‘डुप’ म्हणजे आकड्याची आणखी एक प्रत काढ, ‘*’ म्हणजे गुणाकार कर) की ‘वर्ग’ कोशात गेला. मग ‘5 वर्ग .’ लिहा, 25 छापून येतात. वापरताना मूळचा शब्द कुठला आणि आपला कुठला, हे ओळखू येत नाही. मराठीत हातावरून हाताळणे, पाण्यावरून पाणावणे असे नामधातू झाले आणि जुन्या धातूंसारखेच चालू लागले, तसंच हे. जावा या भाषेत मात्र प्रचंड पूर्णांकांसाठी वेगळा ‘क्लास’ वापरला, की त्यांची बेरीज ‘+’ने करता येत नाही, ‘अ‍ॅड’ असं लिहावं लागतं. संगणकशास्त्रज्ञ गाय स्टील यांनी 1998 च्या भाषणात अशा ठिकाणीही ‘+’ वापरण्याची मुभा मागितली. ते भाषणही त्यांनी इंग्रजीतल्या एकावयवी (एकाच सिलॅबलच्या) शब्दांवर उभं केलं. त्याहून मोठा शब्द आधी व्याख्या सांगून मगच वापरला!

नाम हवं असेल तर ‘विस्तार्यता’ चालेल. शाळकरी मुलांसाठी लिहिताना मात्र मी सरळ ‘वापरणाऱ्याला वाढवता येणारी भाषा’ असंच लिहीन.