क्लच टाईट केला आणि घाटात गाडी ओढेना

प्रश्न : माझ्या स्प्लेंडरला नुकत्याच नव्या क्लच प्लेटा टाकल्यात. तरी कुंभार्ली घाटात मागं कोणी बसलं की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही, जळका वास येतो. गॅरेजवाले म्हणतात परत प्लेटा टाका. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : थांबा, आधी क्लचचा लिव्हर हलवून बघा. टोकाशी १० ते २० मिमी मोकळा हलला पाहिजे आणि मग वायरीला ताण आला पाहिजे. तुमच्या गाडीत हा प्ले, म्हणजे लिव्हरची मोकळी हालचाल, उरलेलीच नसेल असा माझा अंदाज आहे. प्लेटा बदलल्या की वायर कडक ओढून द्यायची बऱ्याच ठिकाणी सवय आहे, पण वायर सतत ताणलेली राहिली की लिव्हर सोडला तरी क्लच आतून थोडा दाबलेलाच राहतो, स्प्रिंगा प्लेटांना पूर्ण आवळू शकत नाहीत आणि चढाला लोड आला की प्लेटा घसरतात. तसंच चालवत राहिलात तर नव्या प्लेटा खरंच जळतील.

इंजिन थंड असताना लिव्हरजवळचा अॅडजस्टर पूर्ण आत फिरवा, मग इंजिनकडचा चेकनट (अॅडजस्टर जागेवर धरणारा नट) सैल करून तिथे प्ले सेट करा, चेकनट आवळा, उरलेलं बारीक काम वरच्या अॅडजस्टरने. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, प्ले बदलता कामा नये.

ऑइल कुठलं टाकलंय तेही विचारा. आपल्या प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात आणि त्यानेही क्लच स्लिप होतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. प्ले बरोबर, ऑइल बरोबर आणि तरी स्लिप, तरच क्लच खोला, आणि खोललाच तर स्प्रिंगांची लांबी मोजून घ्या, दबून आखूड झालेल्या स्प्रिंगांवर नव्या प्लेटा टाकून उपयोग नाही.

प्रश्न : सिग्नलला न्यूट्रल लागत नाही, क्लच दाबलेला असला तरी गाडी पुढे सरकते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं बरोब्बर उलटं आहे, प्ले जास्त झालाय म्हणून प्लेटा पूर्ण सुटत नाहीत. वरच्या अॅडजस्टरने कमी करा. पण आधी लिव्हरजवळ वायरीचं टोक बघा, एखादी जरी तार तुटलेली दिसली तर अॅडजस्ट करत बसू नका, वायरच बदला. नवी वायर जुनीच्याच वाटेने न्या, कुठेही चिमटली तर लिव्हर जड होईल.