३०० शेवयांचा गुंता

धुळ्याच्या ताई, तुमचा आलेख पाहिला. ब्रिटनच्या क्लासिक एफएम रेडिओची श्रोत्यांच्या मतांवर ठरणारी यादी, १९९६पासूनची, दर वर्षी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या ३०० रचना, प्रत्येकीच्या क्रमांकाची एक रेषा, आणि सगळ्या रेषा एकाच चौकटीत. उन्हाळ्यात खाटेवर वाळत घातलेल्या शेवयाच त्या! याचा हलता व्हिडिओ करू का, असं विचारलंय. नका करू. २००७ साल येईपर्यंत १९९८मध्ये कोण कुठे होतं ते डोळा विसरलेला असतो.

आधी नावं साफ करा. तुमच्या फाइलीत एकाच संगीतकाराचे रखमानिनोव्ह आणि रखमानिनॉफ असे दोन वेगळे गृहस्थ झालेत, त्यामुळे त्याच्या एकाच पियानो कन्चेर्टोच्या (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) दोन तुटक रेषा पडल्यात. प्रत्येक रचनेला एक क्रमांक द्या आणि रेषा त्यावरून काढा.

खरी गडबड मात्र शून्याची आहे. यादीबाहेर गेलेल्या रचनेला तुम्ही ० दिलाय. १ला नंबर वर दिसावा म्हणून अक्ष उलटा केला की हे ० पहिल्या नंबराच्याही डोक्यावर जाऊन बसतं! मीही हे केलंय. सावद्याकडच्या केळीच्या भावांचा आलेख काढताना भाव जाहीर न झालेल्या दिवशी ० टाकला, रेषा धाडकन जमिनीवर. वडिलांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘काय रे भो, त्या दिवशी केळी फुकट वाटली का?’

३०१ टाकणंही खोटंच, ती रचना ३०५वी असेल नाहीतर ९००वी. जागा रिकामी सोडा, रेषा तिथे तुटू द्या. स्प्रेडशीटमध्ये चौकोन कोरा ठेवला की बहुधा काम होतं. जीजीप्लॉट या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या वर्षाची ओळच नसेल तर तो मागचा-पुढचा बिंदू सरळ जोडून टाकतो, म्हणून ओळ ठेवायची आणि क्रमांक रिकामा.

मग ठरवा, सांगायचं काय. वरच्या जागेचीच गोष्ट घ्या: १९९६ ते २००० ब्रुखचा पहिला व्हायोलिन कन्चेर्टो, पुढची पाच वर्षं रखमानिनोव्हचा दुसरा पियानो कन्चेर्टो, २००६ला मोत्झार्टचा क्लॅरिनेट कन्चेर्टो, २००७ ते २०१० व्हॉन विल्यम्सचं ‘द लार्क असेंडिंग’. एवढ्यांना रंग द्या, बाकी सगळं फिकट करडं. नाव रेषेच्या उजव्या टोकाला लिहा, कोपऱ्यातल्या रंगसूचीत शोधायला लावू नका.

एक रेषा वेगळ्याच जातीची आहे: ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेमचं संगीत, २०१२ला थेट १६वं, २०१३ला ३रं. ही आवड हळूहळू वाढलेली नाही, खेळाच्या चाहत्यांनी मोहीम चालवून मतं दिली. तिच्याशेजारी तसं लिहा, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतील.

अक्ष लॉग पद्धतीचा घ्या. १ ते १० ला जेवढी जागा तेवढीच १० ते १०० ला. २ऱ्यावरून १ला येणं आणि २०२वरून २०१वर येणं सारखं थोडंच आहे? अर्थात क्रमांकावरून मतं किती फरकाने पडली ते कळत नाही, तेव्हा शीर्षकात ‘लोकप्रियता’ नको, ‘क्रमांक’ म्हणा.

नावं साफ झाली की फाइल परत टाका. २०१८ला चायकोव्हस्कीची ‘१८१२’ ही रचना पहिली आली, ती कुठून चढत आली ते मलाही बघायचंय.