वजन बदललं नाही, तरी कंपोझिट (दोन पदार्थ एकत्र करून बनवलेलं साहित्य) आतून जळू शकतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइडमध्ये (टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं संयुग) सिलिकॉन कार्बाइडचे तंतू असलेला तुकडा ७०० अंश सेल्सिअसला हवेत ठेवला. वजन जेमतेम बदललं, पण तुकडा तोडल्यावर तंतू बोटांनी ओढून निघाले. मग ऑक्सिडेशन झालं की नाही?

झालं, आणि भरपूर झालं. वजनकाट्याला मात्र ते कळलं नाही.

माझा एम.टेक.चा प्रबंध याच विषयावर होता आणि आता मी अंबडला हीट ट्रीटमेंटचं काम बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचे तंतू बहुधा १४० मायक्रॉन जाडीचे असतील. त्यांच्या मधोमध कार्बनचा गाभा असतो आणि बाहेरून साधारण ३ मायक्रॉनचा कार्बनयुक्त थर असतो. तो थर मुद्दाम दिलेला असतो. टायटॅनियम तापलं की सिलिकॉन कार्बाइडला खातं आणि मध्ये टायटॅनियम कार्बाइड, सिलिसाइड असे ठिसूळ पदार्थ तयार होतात. ते होऊ नये म्हणून कार्बन पुढे उभा केलेला आहे. पण हाच कार्बन ७०० अंशांना हवा मिळाली की जळून वायू होऊन निघून जातो.

हवा मिळते कुठून? तुम्ही तुकडा डायमंड व्हीलने कापलात तिथून. कापलेल्या तोंडाशी प्रत्येक तंतूचा गाभा आणि वरचा थर दोन्ही उघडे पडतात. तिथून कार्बन जळत आत सरकतो आणि तंतूभोवती काही मायक्रॉनची पोकळी तयार होते. त्या पोकळीतून ऑक्सिजन मॅट्रिक्सच्या, म्हणजे तंतूंना धरून ठेवणाऱ्या टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइडच्या, पोटात पोचतो, टायटॅनियममध्ये विरघळतो आणि त्याला ठिसूळ करतो.

आता वजनाचा हिशेब बघा. समजा मॅट्रिक्सने ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतला आणि ७ मिलिग्रॅम कार्बन जळून गेला. काटा दाखवणार फक्त १ मिलिग्रॅम वाढ. एवढ्यावर पॅराबोलिक नियमाचा (वजनवाढ वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे हळूहळू मंदावत जाते) आलेख काढून 'संरक्षक थर तयार झाला' असं लिहिणं सरळसरळ चूक ठरेल, आणि असे आलेख बघितले की मला खरंच वाईट वाटतं.

तापमान वाढवलं की नुकसान वाढतंच, हेही गृहीत धरू नका. ७०० अंशांना सिलिकॉन कार्बाइडवर सिलिका (सिलिकॉनचं ऑक्साइड) फार हळू चढते, त्यामुळे पोकळीचं तोंड उघडंच राहतं. बऱ्याच वरच्या तापमानाला सिलिका आणि टायटॅनियमचं ऑक्साइड ते तोंड बुजवू शकतात. मधलं तापमान कधीकधी जास्त घातक असतं, ते यामुळे. तुमच्या भट्टीत मॉलिब्डेनम डायसिलिसाइडचे तापवणारे एलिमेंट असतील तर तेही टायटॅनियम अ‍ॅल्युमिनाइडसारखे इंटरमेटॅलिकच, म्हणजे ठरावीक प्रमाणातल्या मूलद्रव्यांचं धातूसारखं संयुग, आहेत. १७०० अंशांना वर्षानुवर्षं टिकणारा हा पदार्थ ४०० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात फार वेळ राहिला तर भुगा होऊ शकतो. कारण वेगळं आहे, पण मधल्या पट्ट्याला कमी लेखू नये हे तिथेही लागू पडतं.

पुन्हा प्रयोग कराल तेव्हा नमुना अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) क्रुसिबलमध्ये, म्हणजे मुशीत, ठेवा. क्रुसिबल आधी स्थिर वजन येईपर्यंत भाजून घ्या आणि दोन्हींचं वजन एकत्र करा, म्हणजे गळलेला स्केल (ऑक्साइडचे सुटलेले पापुद्रे) हिशेबात राहील. तुलनेसाठी नुसत्या मॅट्रिक्सचा तुकडा सोबत ठेवा. एक नमुना तंतूंची तोंडं उघडी असलेला आणि दुसरा सगळ्या बाजूंनी मॅट्रिक्सने झाकलेला, असे दोन्ही मिळाले तर फारच उत्तम. खऱ्या भागात तंतू झाकलेलेच असतात. सतत तापवणं आणि तापवून-थंड करणं या चाचण्या वेगळ्या ठेवा. थंड होताना मॅट्रिक्स तंतूपेक्षा सुमारे दुपटीने आकसतं, त्यामुळे त्याला तडे जातात आणि हवेला नव्या वाटा मिळतात.

शेवटी नमुना तंतूंच्या लांबीच्या दिशेने कापा. माउंटिंगआधी (पॉलिशसाठी नमुना रेझिनमध्ये बसवण्याआधी) कडेला निकेलचा मुलामा द्या, नाहीतर पॉलिश करताना ऑक्साइडचा थर तुटून जाईल. कापलेल्या तोंडापासून कार्बन किती खोलवर नाहीसा झालाय ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजा आणि अहवालात वजनाच्या आलेखाआधी तो आकडा द्या.