फँटसी बेसबॉलच्या संघात श्वार्बर घेऊ की अराएझ?

‘दोघांत भारी कोण’ हा प्रश्न सोड. आधी तुझ्या फँटसी लीगमध्ये खेळाडूंच्या खऱ्या कामगिरीतल्या कशाकशाचे गुण मिळतात ते बघ. २०२३ चंच घे: काइल श्वार्बरचे ४७ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे लांब फटके), पण सरासरी, म्हणजे फलंदाजीच्या संधींपैकी यशस्वी फटक्यांचं प्रमाण, .१९७. लुईस अराएझची सरासरी .३५४, होमरन फक्त १०. सरासरी मोजणाऱ्या लीगमध्ये तुझ्याकडे आधीच दोन-तीन दांडगे फटकेबाज असतील तर अराएझ घे. तो एकटा अख्ख्या संघाची सरासरी वर ओढतो. पण सरासरीऐवजी ऑन-बेस टक्केवारी (फटका मारून किंवा न मारता फलंदाज किती वेळा बेसवर पोचतो) धरत असतील तर हिशेब पार बदलतो. श्वार्बरने त्या वर्षी १२६ वॉक (चार चुकीचे चेंडू पडल्यावर फुकट मिळणारा पहिला बेस) मिळवले, त्यामुळे तिथे फरक अराएझ .३९३ विरुद्ध श्वार्बर .३४३ इतकाच उरतो. मग होमरन बघून मी डोळे मिटून श्वार्बर घेईन.

हंगामाच्या सुरुवातीच्या, एप्रिलमधल्या दोन आठवड्यांवरून कुणाला संघातून काढू नकोस, कळकळीने सांगतो. मी काढलेत, आणि जूनमध्ये तेच दुसऱ्याच्या संघातून खेळताना पाहिलेत.

अगदीच बरोबरी असेल तर मैदान बघ. डेन्वरचं कूर्स फील्ड सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, चेंडू लांब जातो. तिथे सामने असतील त्या आठवड्यात फलंदाज खेळव, पिचर (चेंडू टाकणारा) शक्यतो बाकावर ठेव.