वाचकांचे प्रश्न : लेकराला कोविडची लस द्यायची राहिली का?

प्रश्न : मुलगी ३ वर्षांची आहे. जाऊबाई अमेरिकेत असतात. त्यांच्या मुलाला तिथं सहाव्या महिन्यातच कोविडची लस दिली होती. त्या विचारतात, तुम्ही अजून कशी दिली नाही? सासूबाई म्हणतात, त्या लसीनं हृदय बंद पडतं, लेकराला मुळीच टोचायची नाही. गावात सर्दी-तापाची साथ आली की माझा जीव टांगणीला लागतो. — एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, तुमच्या हातून काहीही राहिलेलं नाही. ५ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात कोविडच्या कुठल्याच लसीला मंजुरी मिळालेली नाही. आपल्याकडे ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयोगटाला कोव्हॅक्सिन आणि १६ मार्चपासून १२ ते १४ वयोगटाला कोर्बेव्हॅक्स दिली गेली. एप्रिलमध्ये कोव्हॅक्सिनला ६ आणि कोर्बेव्हॅक्सला ५ वर्षांपर्यंत खाली यायची आपत्कालीन परवानगी मिळाली, पण १२ च्या आतली मुलं सरकारी मोहिमेत कधी आलीच नाहीत.

जाऊबाईही बरोबरच वागल्या. अमेरिकेत जून २०२२ पासून ६ महिन्यांच्या पुढच्या बाळांना ही लस मिळू लागली. फायझरचा बाळांचा डोस ३ मायक्रोग्रॅमचा, म्हणजे मोठ्यांच्या तेव्हाच्या डोसाचा दहावा हिस्सा. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं निरोगी मुलांसाठीची सरसकट शिफारस मागे घेतली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं मात्र ऑगस्टमध्ये सांगितलं की ६ ते २३ महिन्यांच्या सगळ्या बाळांना द्या, कारण मोठ्या मुलांपेक्षा या वयातल्या बाळांना कोविडमुळे दवाखान्यात भरती करावं लागण्याचा धोका जास्त असतो. तुमची मुलगी ते वय ओलांडून पुढे आली आहे.

सासूबाईंची भीती उडवून लावू नका, तिच्यामागं थोडं खरं आहे. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए (विषाणूच्या प्रथिनाची कृती शरीराला देणाऱ्या) लसींनंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज आलेली आढळली. ती बहुतेक वयात आलेल्या मुलांमध्ये आणि तरुण पुरुषांमध्ये, दुसऱ्या डोसानंतर आठवड्याभरात, आणि त्यातले बहुतेक बरे झाले. या दोन्ही लसी आपल्या मोहिमेत वापरल्याच नाहीत. कोव्हॅक्सिन मेलेल्या विषाणूपासून बनते, कोर्बेव्हॅक्स विषाणूच्या एका प्रथिनापासून. तेव्हा सासूबाईंना जिची भीती वाटते ती लस वेगळी, वय वेगळं आणि आपलं लेकरू वेगळं.

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२३ मध्ये निरोगी मुलांना कोविड लसीच्या यादीत सगळ्यात खालचं प्राधान्य दिलं. गोवर, न्यूमोकोकल, रोटाव्हायरस या नेहमीच्या लसींनी लहान मुलांचा जितका फायदा होतो, तितका कोविडच्या लसीनं होत नाही, हे त्याचं कारण. आमचंही मत हेच आहे. कोविडची काळजी करण्यात जाणारा वेळ तुम्ही मुलीचं लसीकरणाचं कार्ड उघडण्यात घाला. १६ ते २४ महिन्यांच्या रकान्यात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वातावरची लस) पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर, या तिन्हींसमोर तारीख आहे का बघा. दीड वर्षाच्या या लसी अनेकदा विसरल्या जातात. तोवर लेकरू पळायला लागलेलं असतं आणि घरात सुईचा विषयच संपलेला असतो.

जन्मजात हृदयरोग, किडनीच्या आजारासाठी रोज स्टेरॉइड, कॅन्सरचे उपचार, असं काही असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा तिच्या बालरोगतज्ज्ञांशी बोलूनच ठरवा. फ्लूची लस निरोगी मुलांनाही ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत दरवर्षी द्यावी, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ सांगतात. पहिल्या वर्षी ४ आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, पुढे वर्षाला एक. ती सरकारी वेळापत्रकात नाही, विकत घ्यावी लागते. घ्यायची असेल तर मृगाच्या आधी दोन्ही डोस होतील असं बघा, म्हणजे पहिला एप्रिलच्या शेवटी.

साथीत जीव टांगणीला लागतो म्हणालात, तर श्वास मोजायला शिकून ठेवा. लेकरू शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा, पोटाकडे नजर ठेवा, घड्याळाच्या सेकंद काट्यावर पूर्ण एक मिनिट मोजा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. रडताना किंवा पाजताना मोजलेला आकडा धरू नका. १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षात ५० किंवा जास्त, २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त भरला तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, लेकरू पाणीसुद्धा घेत नसेल, गुंगीत असेल, झटका आला असेल तर रात्र असली तरी थांबू नका. ‘पोट उडतंय’ म्हणून बिब्ब्याचे चटके देणं अजूनही कुठं कुठं चालतं. तो न्यूमोनिया असू शकतो. चटक्यानं जखम होते आणि उपचाराचा वेळ जातो.

प्रश्न : ऊसतोडीवरून परतलेल्या कुटुंबातलं लेकरू २ वर्षे ४ महिन्यांचं आहे. नवव्या महिन्याची गोवरची लस झाली, पुढचं सगळं राहिलं. आई म्हणते, आता वय गेलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का? — अंगणवाडी सेविका, आष्टी तालुका

उत्तर : पहिल्यापासून कधीच नाही. झालेला डोस वाया जात नाही, जिथं थांबलं तिथून पुढे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस ५ वर्षांपर्यंत आणि डीपीटीचा बूस्टर ७ वर्षांपर्यंत देता येतो. बूस्टरआधी पेंटाव्हॅलंटचे (पाच रोगांवरची एकत्र लस) तिन्ही डोस झाल्याची खात्री कार्डावर करा. तसं असेल तर दोन्ही सुया एकाच दिवशी, वेगवेगळ्या जागी : गोवर-रुबेला उजव्या दंडात, डीपीटी डाव्या मांडीत. साधी सर्दी असली तरी चालतं.

उपकेंद्रावर अडतं ते इथं. गोवर-रुबेलाची पूड असते, त्यात पातळ करायचं द्रावण घातलं की बाटली ४ तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. म्हणून ‘अजून चार लेकरं जमू द्या’ असं ऐकायला मिळतं. नियम मात्र एका लेकरासाठीही बाटली उघडावी असाच आहे. चार जमेपर्यंत हे कुटुंब पुन्हा फडावर गेलेलं असेल. तुम्ही आशाताईंना घेऊन हे सिस्टरांना सांगा, तुमचा शब्द चालतो.

दसऱ्याच्या आसपास टोळ्या निघण्याआधी प्रत्येक कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो मुकादमाच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये टाका. कोपीत पाऊस येतो, उंदीर येतात, कार्ड टिकत नाही. कारखान्याच्या गावी, मग तो कर्नाटकात का असेना, सरकारी केंद्रावर लस फुकटच मिळते. रेशनकार्ड किंवा तिथला पत्ता लागत नाही, हे आईला स्पष्ट सांगा.

प्रश्न : डीपीटीच्या सुईनंतर नातवाला ताप येतो. पॅरासिटामॉल किती द्यावं? — एक आजोबा, वसमत

उत्तर : आजोबा, वयावर नाही, वजनावर. किलोला १५ मिलिग्रॅम. नातू १० किलोचा असेल तर १५० मिलिग्रॅम. आता बाटली हातात घेऊन बारीक अक्षरं वाचा, सगळा घोळ तिथंच होतो. ५ मिलीत १२५ लिहिलं असेल तर ६ मिली. ५ मिलीत २५० असेल तर ३ मिली. थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० असतात, तिथं फक्त दीड मिली. पातळ औषधाच्या सवयीनं थेंब ६ मिली पाजले तर चौपट डोस पोटात जातो आणि यकृताला इजा होऊ शकते. घरातला चमचा वापरू नका, बाटलीवरचं मापाचं झाकण किंवा बिनसुईची सिरिंज घ्या. दोन डोसांत ६ तासांचं अंतर, दिवसात ४ च्या वर नाही.

डीपीटीचा ताप त्याच दिवशी येतो आणि दोन दिवसांत उतरतो. गोवर-रुबेलाचा मात्र आठवड्याभरानं, सातव्या ते बाराव्या दिवसात येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. सुईच्या जागी तेल, हळद लावू नका, चोळू नका. गार पाण्याची ओली घडी ठेवा. ताप तिसऱ्या दिवशीही असेल तर तो सुईचा समजून घरी बसू नका, दुसरं काही आहे का ते दाखवून घ्या.